डब्यात धिरड्याचं पीठ तयार असलं की

सकाळी पाणी भरायचं, पोरांची शाळा, वर शेतावर जायची घाई. या गडबडीत न्याहारी कुणाची बुडते? पोरं खाऊन जातात, मालक खाऊन जातात, आणि बाई नुसत्या चहावर खुरपायला जाते. म्हणून आज आम्ही धिरड्याच्या तयार पिठाविषयी बोलणार आहोत. एका सुट्टीच्या दिवशी करून ठेवलं की पुढचे दोन-तीन आठवडे सकाळचं काम हलकं होतं.

प्रमाण लिहून घ्या. ज्वारी 1 किलो, तांदूळ अर्धा किलो. हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग आणि नाचणी प्रत्येकी पाव किलो. धणे 50 ग्रॅम, जिरे 25 ग्रॅम, चमचाभर मेथ्या. सगळं मिळून अडीच किलोच्या वर पीठ होतं. धान्याबरोबर डाळी घेतल्या की प्रथिनं चांगली मिळतात, नाचणीतून कॅल्शियम मिळतं. घरात एखादी डाळ नसली तर दुसरी वाढवा, काही अडत नाही. बाजरी मात्र यात घालू नका. बाजरीत तेलाचा अंश जास्त, त्यामुळे दळल्यावर पीठ लवकर कडू होतं. आवडत असेल तर ताजं बाजरीचं पीठ सकाळी मूठभर मिसळा.

आता खरं काम भाजण्याचं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मंद आचेवर. एकत्र टाकलं की नाचणी करपते आणि हरभरा डाळ कच्चीच राहते. तांदूळ पांढरे होऊन फुगतात, नाचणी तडतडते, उडीद डाळ गुलाबी होऊन वास सुटतो, तेव्हा उतरवा. धणे-जिरे-मेथ्या शेवटी, गरम कढईतच परतल्या तरी पुरे. धान्य धुतलं असेल तर आधी कडक उन्हात खडखडीत वाळवा.

भाजलेलं पूर्ण गार झाल्याशिवाय गिरणीत नेऊ नका. गिरणीवाल्या दादांना ज्वारीच्या किंवा गव्हाच्या मागे दळायला सांगा. मिरचीच्या मागे दळलं तर पोरं तोंडही लावणार नाहीत! थालीपिठाला भाजणी जरा जाडसर असते, धिरड्याला बारीक हवी. दळून आणलेलं पीठ गरम असतं. ते तसंच डब्यात कोंडलं तर वाफ धरते, मग गुठळ्या होतात, किडे पडतात. कापडावर पसरून गार करा, मग कोरड्या डब्यात घट्ट झाकणाखाली ठेवा. मीठ आधी घालू नका, ते ओल ओढतं. पावसाळ्यात तर निम्म्याच प्रमाणात करा.

सकाळी एक वाटी पिठात मीठ, हळद, तिखट घाला. आधी थोड्याच पाण्यात घट्ट कालवा, गुठळ्या मोडा, मग पातळ करा. एका वाटीला साधारण दीड वाटी पाणी लागतं. बारीक चिरलेला कांदा, मेथी, शेपू किंवा शेवग्याचा पाला, जे दारात असेल ते घाला. दहा मिनिटं झाकून ठेवा, तेवढ्यात वेणीफणी होते. तवा चांगला तापू द्या, अर्ध्या कांद्याने तेल फिरवा, पीठ कडेकडेने ओतत मध्ये या, वर झाकण. कडा सुटल्या की उलटा. पहिलं धिरडं चिकटलं तर तवा अजून तापायचाय एवढंच समजा.

बरोबर चटणी घ्या, वर लिंबू पिळा. लिंबामुळे धान्यातलं आणि पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. चहा त्या लोहाच्या आड येतो, म्हणून तो खाण्याबरोबर न घेता तासाभराने घ्या. ज्यांचं रक्त कमी आहे त्यांनी तर नक्कीच.

आणि पीठ कालवून ठेवलं की तव्यापाशी मोठ्या पोराला उभं करा, पोरीलाच नको. उरलेलं पहिलं गरम धिरडं तुम्ही बसून खा, मग विळा उचला. पुढच्या वेळी गटाने मिळून भाजणी केली तर सरपण किती वाचतं, त्याचा हिशेब मांडू.