कॉम्प्युटर अडला, म्हणून आपण कशाला अडायचं?

मोहाडी तालुक्यातल्या करडीची एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. दहावीनंतर तिनं आयटीआयमध्ये आरेखक स्थापत्य हा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला, ऑटोकॅड शिकली आणि आता एका कंत्राटदारासाठी घरबसल्या घरांचे नकाशे काढते. मोबदला नकाशामागे ठरलेला. दुपारभर बसून तळमजला झाला, जिना झाला, दारं-खिडक्यांचा तक्ता तेवढा राहिला. तेवढ्यात पडद्यावर ‘फेटल एरर’ अशी चौकट येते आणि सगळं गायब!

पहिली प्रतिक्रिया काय असते? ‘माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं.’ घरातूनही कुणीतरी म्हणतंच, ‘आधीच सांगितलं होतं, हे आपलं काम नाही.’ मैत्रिणींनो, नुकसान चार तासांच्या कामाचं असतंच, पण त्याहून मोठं नुकसान या एका वाक्यानं होतं. म्हणून आज जरा तांत्रिक विषय, पण आपल्या भाषेत.

ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर १९८२ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आलं. इतकी वर्षं झाली, तरी ते आजही मध्येच बंद पडतं आणि ते मोठमोठ्या कंपन्यांतल्या अनुभवी इंजिनीअरांच्या कॉम्प्युटरवरही पडतं. ‘फेटल’ म्हणजे जीवघेणी चूक, पण जीव जातो तो फक्त त्या वेळी चालू असलेल्या प्रोग्रामचा. मशीन जिवंत असतं आणि बहुतेक वेळा तुमचा नकाशाही कुठेतरी शाबूत असतो. तो शोधायचा कसा, एवढंच माहीत हवं.

आधी हात आवरा

घाईघाईनं फाइल पुन्हा उघडून ‘सेव्ह’ दाबू नका. ऑटोकॅड दर वेळी सेव्ह करताना आधीची प्रत ‘बॅक’ या शेपटाच्या फाइलमध्ये ठेवतं. तुम्ही पुन्हा सेव्ह केलंत, की ती चांगली प्रतही पुसली जाते. म्हणून मूळ फाइल आणि बॅक फाइल, दोन्ही आधी वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा. बंद पडताना ऑटोकॅड ‘बदल सेव्ह करू का?’ असं विचारतं, तेव्हा होय म्हटलं असेल तर नावापुढे ‘रिकव्हर’ असा शब्द जोडलेली एक फाइलही त्याच फोल्डरमध्ये सापडेल.

आता ऑटोकॅड उघडून ‘ड्रॉइंग रिकव्हरी’ ही कमांड द्या. हाती लागू शकणाऱ्या सगळ्या प्रतींची यादी समोर येते. यादीत नसेल, तर आपोआप सेव्ह होणारी प्रत शोधा. ऑटोकॅड दर १० मिनिटांनी ती करत असतं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, टक्क्याचं चिन्ह, मग टेम्प, मग पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं टाइप करा. जे फोल्डर उघडेल, त्यात ‘एसव्ही डॉलर’ असं शेपूट असलेली फाइल बघा. तिची कॉपी करून शेपूट बदलून ‘डीडब्ल्यूजी’ करा, की ती नेहमीच्या नकाशासारखी उघडते. बॅक फाइलचंही तसंच. मात्र ऑटोकॅड नीट बंद केलं, की ही आपोआप झालेली प्रत पुसली जाते. ती अपघातापुरतीच असते, तिच्या भरवशावर राहू नका.

दुखणं कुणाचं?

मिक्सर बंद पडला, की आपण आधी तो दुसऱ्या प्लगला लावून बघतो. प्लग खराब की मिक्सर, हे लगेच कळतं. इथेही तेच करायचं. एक कोरी नवी फाइल उघडा आणि दोन रेघा मारा.

नवी फाइल नीट चालली आणि फक्त तो एकच नकाशा बंद पडत असेल, तर दुखणं नकाशाचं आहे. त्याला ‘रिकव्हर’ कमांडनं उघडा, ‘ऑडिट’ देऊन चुका दुरुस्त करायला ‘होय’ म्हणा आणि ‘पर्ज’ देऊन न वापरलेले ब्लॉक, लेयर काढून टाका. इकडून तिकडून उचललेल्या नकाशांत असा कचरा फार साचतो. तरी जमलं नाही, तर नवी फाइल घेऊन तिच्यात जुना नकाशा ‘इन्सर्ट’ करा.

नवी फाइलही बंद पडली, तर दुखणं प्रोग्रामचं किंवा मशीनचं. ‘ग्राफिक्स कॉन्फिग’ कमांड देऊन हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन बंद करून बघा. त्यानं थांबलं, तर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर जुना झालेला असण्याची शक्यता मोठी. तो बदलून घ्या. तरीही तसंच, तर स्टार्ट मेनूतल्या ऑटोकॅडच्या फोल्डरमधून सेटिंग मूळ स्थितीवर आणा.

फक्त प्रिंट देतानाच बंद पडतं का? मग प्रिंटर बदलून पीडीएफ काढून बघा. पीडीएफ निघाली, तर दोष प्रिंटरच्या ड्रायव्हरचा.

आणि आपल्या भंडाऱ्याचा उन्हाळा विसरू नका. लॅपटॉप गादीवर ठेवला, की खालची हवा कोंडते. तापून मशीन एकदम बंद झालं, तर ती ऑटोकॅडची चूक नव्हे. त्याला टेबल किंवा पाट द्या. घरचा कॉम्प्युटर असेल तर यूपीएस घ्याच, लाइट गेली तरी सेव्ह करून बंद करण्यापुरती मिनिटं मिळतात.

फुकटचं महागात

गावोगावी ‘क्रॅक’ केलेलं ऑटोकॅड पेनड्राइव्हवरून फिरतं. ते बेकायदा आहेच, शिवाय त्यासोबत व्हायरस येतात. शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना कंपनी ते फुकट देते, पण त्यावर पैसे घेऊन काम करता येत नाही. साधे सपाट नकाशे काढायचे, तर लिबरकॅड हे मुक्त सॉफ्टवेअर मोफत मिळतं. मात्र कंत्राटदाराला कुठल्या प्रकारची फाइल लागते, ते आधी विचारा.

तेही महत्त्वाचं आहे. एअरबसच्या ए-३८० या अवाढव्य विमानाचं काम २००६ मध्ये रखडलं. जर्मनीतल्या हॅम्बर्गमध्ये आणि फ्रान्समधल्या तुलूझमध्ये एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरल्या जात होत्या आणि विमानातल्या वायरी जागेवर बसेनात. एवढ्या मोठ्यांचं असं होतं, तर आपण ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना समोरच्याची जुनी आवृत्ती विचारून घेण्यात कसला कमीपणा?

रोजच्या चार सवयी

- काम पेनड्राइव्हवर उघडून करू नका. आधी मशीनवर कॉपी करा.
- प्रिंट देण्याआधी आणि मोठा बदल करण्याआधी सेव्ह करा.
- रोज संध्याकाळी तारीख घालून नवी प्रत ठेवा. आठवड्यातून एकदा ती दुसरीकडे कॉपी करा.
- वहीत लिहा: काय करताना बंद पडलं, चौकटीत काय लिहिलं होतं, काय केल्यावर सुरू झालं.

ही शेवटची सवय सगळ्यांत मोलाची. दुरुस्तीवाल्याला ‘बंद पडतंय हो’ एवढंच सांगितलं, तर तो आधी फॉरमॅट करा म्हणतो. ‘नवी फाइल चालते, हीच चालत नाही, ऑडिटमध्ये चुका निघाल्या’ असं सांगितलं, की तो तुमच्याकडे नीट बघून बोलतो. कंत्राटदाराशी बोलतानाही तेच. रडवेल्या आवाजात ‘गेलं सगळं’ म्हणण्यापेक्षा ‘दहा मिनिटांपूर्वीची प्रत मिळाली आहे, संध्याकाळपर्यंत देते’ असं सांगणाऱ्या बाईकडे पुढचं काम आपणहून येतं. तेव्हा हे पान कापून कॉम्प्युटरजवळ चिकटवा आणि आजच एक कोरी फाइल घेऊन तिची बॅक प्रत उघडून बघा. सराव शांतपणी केलेला असेल, तर घाईच्या वेळी हात थरथरत नाहीत.