निषेधपत्रातील लोकाचार

मालवण किनाऱ्यावर अंगणातील तुळशीत किंवा अळणी भातात कोणास वावगे दिसत नाही. दक्षिणेस, पोर्तुगीज अमलाखालील बार्देश, तिसवाडी व साष्टी या महालांत मात्र तोच अपराध ठरला. १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या धर्मसमीक्षण सभेने १७३६ च्या आज्ञापत्राने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना तुळस लावण्यास, मिठावाचून भात शिजविण्यास व धोतर नेसण्यास मनाई केली. तत्पूर्वी १६८४ मध्ये व्हाइसरॉयने कोकणी टाकून पोर्तुगीज बोलण्यास तीन वर्षांची मुदत दिली होती. श्रद्धा शासनास दिसत नाही. म्हणून पहारा बसतो तो चुलीवर आणि जिभेवर. कोकणी अर्थातच लोपली नाही. आणि गंमत अशी की, तत्कालीन गृहाचारांची आज अभ्यासकांस उपयोगी पडणारी तपशीलवार यादी त्या निषेधकर्त्यांनीच करून ठेवली आहे.