कुलिंग टॉवरचा पंखा घेताय? आधी हंगाम बघा, मग कोटेशन

अहिल्यानगर : साखर कारखाना, दूध प्रकल्प किंवा नागापूर-सुप्याच्या एमआयडीसीतलं युनिट असो, कुलिंग टॉवरचा पंखा दिवसरात्र फिरत असतो. खरेदीच्या वेळी चर्चा होते ती किमतीची. पण पंखा पुढची कितीतरी वर्षं जी वीज खातो, तिच्यापुढे ही किंमत किरकोळ ठरते. सहवीजनिर्मिती असलेल्या कारखान्यात तर वाचलेलं प्रत्येक युनिट ग्रीडला विकता येतं. म्हणजे हा विषय शेवटी सभासदांच्या पैशाचा आहे.

मे महिना अवघड नाही, पावसाळा अवघड

टॉवर माठासारखा काम करतो. थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि बाकीचं गार होतं. हवा कोरडी असेल तर माठ चांगला गारतो, दमट असेल तर नाही. पाणी जास्तीत जास्त किती गार होऊ शकतं, याची मर्यादा म्हणजे 'वेट बल्ब' तापमान. थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून, वारा घालून मोजतात ते हेच.

मे महिन्यात ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर वेट बल्ब साधारण २२ अंश भरतो. पावसाळ्यात २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला तो २६ च्या आसपास जातो. डिसेंबरच्या रात्री तो १० अंशांपर्यंतही उतरतो.

साखर कारखान्याचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, म्हणजे पावसाळा टळलेलाच. एमआयडीसीतलं युनिट मात्र बाराही महिने चालतं. त्यामुळे दोघांनी एकच डिझाइन घेणं चुकीचं. कोटेशनमध्ये वेट बल्ब किती धरला, हा पहिला प्रश्न विचारा.

पातं कशाचं?

जुन्या टॉवरवर ॲल्युमिनियमची जड पाती दिसतात. आता एफआरपीची पाती मिळतात. (ही उसाची एफआरपी नव्हे, फायबरची!) ती हलकी असतात, गंजत नाहीत आणि आकार नीट असेल तर तेवढ्याच हवेला कमी वीज घेतात. धातूची पाती बदलल्यावर काही ठिकाणी २० ते ३० टक्के वीज वाचल्याच्या नोंदी आहेत. पण पात्याचं टोक आणि टॉवरची गोल भिंत यांच्यात मोठी फट राहिली, तर हवा तिथूनच परत फिरते. सगळ्या पात्यांचा कोनही सारखा हवा, नाहीतर टॉवर थरथरतो.

ड्राइव्ह कोणता?

● बेल्ट : लहान टॉवरला स्वस्त आणि सोपा. ओलाव्यात घसरतो, वरचेवर ताणावा लागतो.

● गिअरबॉक्स : मोठ्या टॉवरला नेहमीचा. लांब शाफ्टमुळे मोटर ओल्या हवेच्या बाहेर राहते. ऑइल सीलवर लक्ष हवं, गळालं तर तेल पाण्यात जातं.

● थेट मोटर : गिअरबॉक्सच नाही. पण महाग, आणि बिघडली तर गावात दुरुस्ती होईलच असं नाही.

व्हीएफडीचा हिशेब

पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी लागते. समजा, पूर्ण वेगाला पंखा ५५ किलोवॅट घेतो. ८० टक्के वेगाला तो २८ घेईल. व्हीएफडीचा स्वतःचा तोटा धरूनही २५ किलोवॅट वाचतात. थंडीच्या दहा तासांच्या रात्रीला झाले २५० युनिट!

मात्र दोन गोष्टी सांभाळा. फार कमी वेगात गिअरबॉक्सला आतलं तेल नीट पोचत नाही, म्हणून किमान वेग उत्पादकाकडून लिहून घ्या. दुसरं, टॉवर टर्बाइनच्या कंडेन्सरला जोडलेला असेल तर पाणी गरम झाल्यावर व्हॅक्यूम कमी होतो आणि वीजनिर्मिती घटते. पंख्यात वाचवलं आणि टर्बाइनमध्ये घालवलं, असं नको. दोन्ही मीटर शेजारी ठेवून वेग ठरवा.

सही करण्यापूर्वी एवढं विचारा

१) वेट बल्ब किती धरला?
२) पंखा प्रत्यक्ष किती किलोवॅट घेणार? (मोटरच्या पाटीवरचा आकडा नको.)
३) व्हायब्रेशन स्विच आहे का? पातं तुटण्याआधी पंखा बंद करणारा तोच.
४) ऐन हंगामात बिघाड झाला तर सुटे भाग किती तासांत येणार?

चौथ्याचं उत्तर लेखी घ्या. गव्हाणीत ऊस आणि बाहेर गाड्यांची रांग असताना फोनवरचा शब्द कामाला येत नाही.