आकाशातली तिसरी पाळी

१६ ऑगस्ट २०२० हा श्रावणातला शेवटचा रविवार. गणेश चतुर्थी सहा दिवसांवर आलेली आणि लालबाग कधी नव्हे इतकं शांत. १९३४ पासून बसणारी ‘लालबागचा राजा’ची मूर्ती करोनामुळे त्या वर्षी बसणार नव्हती; मंडळाने त्याऐवजी आरोग्योत्सव जाहीर केला होता. त्याच सकाळी ९ वाजून ३८ मिनिटांनी मोटारीएवढा एक दगड दक्षिण हिंदी महासागरावरून सेकंदाला १२.३ किलोमीटर वेगाने निघून गेला. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून त्याचं अंतर होतं अवघं २,९५० किलोमीटर. त्या क्षणी जगात कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

त्याची नोंद पुढे ‘२०२० क्यूजी’ या नावाने झाली. तो आदळला असता तरी मोठं संकट ओढवलं नसतं. तीन ते सहा मीटरचा तुकडा बहुतेक वातावरणातच फुटून जळतो. थक्क करतं ते अंतर. आपल्या घरी दूरचित्रवाणी पोचवणारे भूस्थिर उपग्रह याच्या बारापट उंचीवर असतात. पृथ्वीच्या ओढीने या दगडाची वाट तब्बल ४५ अंशांनी वळली. न धडकता इतक्या जवळून गेलेल्या लघुग्रहाची त्याआधी नोंद नव्हती.

तो निघून गेल्यावर सहा तासांनी कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या छायाचित्रात त्याची रेघ उमटली. ती रेघ ओळखली आयआयटी मुंबईच्या कुणाल देशमुख या विद्यार्थ्याने. कृती शर्मा ही तिथलीच विद्यार्थिनी आणि तैवानमधले एक सहकारीही या शोधात होते. कुणाल धातुशास्त्र अभियांत्रिकीचा, कृती यंत्र अभियांत्रिकीची. खगोलशास्त्र हा दोघांचाही पदवीचा विषय नव्हता.

‘आपल्या शहरातून आकाशात कोण बघतं, त्यावर लिही,’ असं संपादक म्हणाले तेव्हा मला हाच दगड आठवला. करी रोडहून स्लो लोकलने कांजूरमार्ग आणि तिथून पवई, एवढाच हा प्रवास. पण पवईला मोठी दुर्बीण शोधू नये. मुंबईच्या उजेडात आणि चार महिन्यांच्या ढगांत तिचा उपयोग काय? वरळीचं नेहरू तारांगण १९७७ पासून घुमटावर आकाश दाखवतं, ते बरंच आहे. खऱ्या आकाशासाठी लांब जावं लागतं. पवईकरांची दुर्बीण आहे लडाखमधल्या हानले इथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर. ७० सेंटिमीटर आरशाची ही ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण २०१८ मध्ये सुरू झाली. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या जी. सी. अनुपमा आणि आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव यांनी तो प्रकल्प उभा केला. रात्री तिच्याजवळ माणूस उभा राहावा लागत नाही. काय बघायचं ते आधी कळवलं की पुढचं ती स्वतः करते.

‘ग्रोथ’ या जाळ्यात अनेक देशांतल्या दुर्बिणी होत्या आणि त्यामागचा विचार गिरणगावाला सांगावा लागत नाही. पहिली पाळी सुटायच्या आत दुसरी पाळी साच्यांवर हजर, दुसरीच्या मागे तिसरी. खातं थंड पडत नाही. कॅलिफोर्नियात उजाडलं की तिथली दुर्बीण मिटते, मग काही तासांत हानलेला अंधार पडतो. नव्याने दिसलेल्या लघुग्रहाच्या बाबतीत हे काही तास जिवावरचे असतात. एका रात्रीच्या मोजक्या वेधांवरून काढलेली कक्षा ढोबळ असते, आणि लवकर पुन्हा गाठला नाही तर तो कायमचा हरवू शकतो.

पालोमारच्या ‘झ्विकी’ सर्वेक्षणाचा कॅमेरा एका वेळी ४७ चौरस अंश आकाश टिपतो. पौर्णिमेचे दोनशेहून जास्त चंद्र त्यात मावतील. एका चित्राला ३० सेकंद लागतात. तेवढ्यात तारे ठिपक्यासारखे राहतात आणि जवळून पळणारा दगड रेघ ओढतो. पण रेघा काय, उपग्रहही ओढतात. विश्वकिरणांचे ओरखडे असतात, कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष असतात. रात्रीच्या ढिगातून संगणक बहुतेक कचरा बाजूला काढतो, तरी शेकड्यांनी चित्रं उरतात आणि ती माणसानेच पाहायची. उपग्रहाची रेघ बहुधा लांबलचक, कधी मध्येच उजळणारी. लघुग्रहाची आखूड, एकसारखी, शेजारच्या ताऱ्याइतक्याच जाडीची. हे फरक सांगायला सोपे. शेकडो चित्रांनंतरही नजर सैल न पडू देणं ही खरी कारागिरी आहे.

मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते मात्र हानलेच्या कामाने. अंधूक दगड टिपायचा तर जास्त वेळ प्रकाश साठवावा लागतो. दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवली तर दगडाचा जेमतेम प्रकाश रेघभर विखुरतो आणि पार्श्वभूमीत बुडून जातो. म्हणून दुर्बीण दगडाच्याच चालीने फिरवतात. आता दगड ठिपका होतो आणि सारे तारे रेघा! अडचण इथेच सुरू होते. दगडाची जागा मोजायची ती ताऱ्यांच्या आधाराने, आणि नेहमीच्या आज्ञावलीला तारा गोल ठिपकाच लागतो. रेघ दिसली की ती गोंधळते. कृती शर्मा आणि सहकाऱ्यांनी यासाठी ‘अ‍ॅस्ट्रीक्स’ ही पद्धत रचली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. रेघेचा आकार गणिताने बसवून तिचा नेमका मध्य काढायचा, त्या मध्यांवरून आकाशाचा नकाशा जुळवायचा. त्यातही घड्याळ अचूक हवं. वेगवान दगडाच्या बाबतीत एका सेकंदाची चूकसुद्धा जागेची चूक होते. ज्या आधारावर मोजायचं तोच फरफटलेला असताना मोजमाप सोडायचं नाही, ही जिद्द मला फार मोठी वाटते.

तिचं मोल २०२५ च्या सुरुवातीला कळलं. डिसेंबर २०२४ मध्ये सापडलेला, सुमारे ६० मीटरचा ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारीत ३.१ टक्क्यांपर्यंत चढली. धोक्याचा पट्टा पॅसिफिकपासून आफ्रिका, अरबी समुद्र ओलांडून भारतीय उपखंडापर्यंत येत होता आणि बातम्यांत मुंबईचं नाव होतं. शक्यता वाढली याचा अर्थ दगड जवळ सरकला असा नव्हता. वेधांगणिक अंदाजाचा पट्टा अरुंद होत होता आणि पृथ्वी अजून त्यात होती, म्हणून तिचा वाटा वाढत गेला. आणखी वेध आले, पट्टा आणखी आवळला, पृथ्वी बाहेर पडली आणि महिनाअखेरीस शक्यता जवळजवळ शून्यावर आली. चाळीत, नाक्यावर जी धाकधूक झाली ती कोणाच्या धीराच्या शब्दाने मिटली नाही. अशा बारीक मोजमापांनी मिटली.

पण सूर्याच्या बाजूने येणाऱ्या दगडाचं काय? १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे २० मीटरचा दगड तसाच आला. कोणालाही आधी दिसला नाही आणि काचा फुटून दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली. ‘२०२० क्यूजी’चा विक्रमही तीन महिन्यांत मोडला: १३ नोव्हेंबर २०२० ला ‘२०२० व्हीटी४’ पृथ्वीपासून चारशेहून कमी किलोमीटरवरून गेला आणि तोही जाऊन काही तास उलटल्यावर दिसला.

सूर्याजवळचं आकाश जमिनीवरून पाहायचं तर संधिप्रकाशाची थोडकी वेळ हाताशी असते. शुक्राच्या कक्षेच्या आतच फिरणारा पहिला लघुग्रह झ्विकी सर्वेक्षणाने जानेवारी २०२० मध्ये याच वेळेत पकडला. आणि नेमकी हीच वेळ आता उपग्रहांनी भरते आहे. २०१९ च्या अखेरीस या सर्वेक्षणाच्या संधिप्रकाशातल्या अर्ध्या टक्क्याहून कमी चित्रांत स्टारलिंकच्या रेघा होत्या. ऑगस्ट २०२१ पर्यंत त्या १८ टक्के चित्रांत दिसू लागल्या. त्यानंतर आणखी हजारो उपग्रह वर गेले आहेत. रेघा वाढतील तसं ओळखणाऱ्याचं काम वाढणार. ओळखणारे मात्र विद्यार्थी. ते पदवी घेऊन पुढे जातात. कृती शर्मा आता कॅलटेकमध्ये दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या रेडिओ स्फोटांवर काम करते. पवईत दर दोन-तीन वर्षांनी कोणाला तरी पहिल्या रेघेपासून शिकवावं लागतं. त्या शिकवण्याला कुठल्याही अर्जात वेगळा रकाना नसतो, आणि मला काळजी वाटते ती त्याची.