वसईचे तीन करार

सन १९८९ पूर्वी बँकांचे हिशेबाचे वर्ष ३१ डिसेंबर रोजी संपत असे. जग नव्या वर्षाच्या स्वागतात रंगलेले असताना आम्ही बोईसरच्या शाखेत खतावण्यांच्या बेरजा जुळवीत बसलेलो असू. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील खाती मोठी होती आणि त्या काळी संगणक नव्हते. दोन पैशांचा फरक निघाला तरी पहाट होई. अशाच एका रात्री एका वयस्कर सहकाऱ्याने सहज म्हटले, ‘‘आजच्याच तारखेला आपल्या वसईत पेशव्यांनी आपले खाते बंद केले होते.’’ ते वाक्य मनात रुतून बसले. निवृत्तीनंतर सवड मिळताच वसईच्या इतिहासातील तारखा मी कर्जखात्याच्या कागदपत्रांप्रमाणे वाचून काढल्या.

पहिली तारीख २३ डिसेंबर १५३४. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या स्वारीच्या धास्तीने पोर्तुगीजांच्या मैत्रीसाठी उतावीळ झाला होता. त्या घाईत त्याने वसई आणि तिच्याखालचा मुलूख व बेटे गव्हर्नर नुनो द कुन्या याच्या हवाली केली. आपण व्यापारी माणसांनी लक्ष द्यावे ते पुढच्या अटींकडे. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या गलबतांनी वसईस येऊन पोर्तुगीज परवाना घ्यावा, परतताना तेथेच जकात भरावी आणि सुलतानाने लढाऊ जहाजे बांधू नयेत, असे ठरले. जमीन गेली ती डोळ्यांना दिसली. समुद्रावरचा हक्क गेला तो कागदावरच राहिला. १५३७ मध्ये दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीतच सुलतानाचा अंत झाला.

दुसरी तारीख मे १७३९ ची. तिचा उंबरठा आपल्या घराजवळ आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या सैन्याने तारापूरचा किल्ला हल्ला करून घेतला. बाजी भिवराव रेठरेकर तेथे धारातीर्थी पडले. चिंचणी-तारापूरच्या रस्त्याने आपण कितीदा जातो, पण त्या तटाकडे मान वळवून पाहणारे थोडेच. पुढे वसईचा दीर्घ वेढा आणि सुरुंगांची लढाई झाली. दोन्ही बाजूंची अपरिमित हानी झाली आणि पोर्तुगीज शरण आले. एवढे रक्त सांडल्यावरही विजेत्याने घातलेल्या अटी सौम्य होत्या. किल्ल्यातील शिबंदीने सन्मानाने बाहेर पडावे, रहिवाशांनी जंगम मालमत्ता व कुटुंबे घेऊन जावे, मागे राहणाऱ्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी. वसईतील ख्रिस्ती वस्ती आजही नांदते आहे.

तिसरी तारीख तीच, ३१ डिसेंबर १८०२. ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या दिवसांत, पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या आश्रयाने समुद्रमार्गे वसईस पोहोचला. तेथे त्याने जो तह केला, त्यातील कलमे अशी: किमान सहा हजार इंग्रजी पायदळ कायम बाळगावे, त्याच्या खर्चासाठी सालीना २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा, सुरतेवरील हक्क सोडावा, निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत इंग्रजांचा निवाडा मानावा, त्यांच्या विचाराशिवाय परसत्तेशी व्यवहार करू नये. कर्ज मंजूर करणारा अधिकारी म्हणून मी हे वाचतो तेव्हा वाटते, अडचण एका मोसमाची होती, पण तारण म्हणून सारी पेढीच लिहून दिली. १८१८ मध्ये पेशवाई संपली. तिचा निकाल सोळा वर्षे आधी वसईतच लागला होता.

दूर पूर्वेकडील बंदरांकडे पाहिले म्हणजे अटींचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. वसईच्याच पोर्तुगीज सत्तेने १५५७ च्या सुमारास चीनच्या किनाऱ्यावर मकाव वसविले. पण तेथे ते कित्येक शतके चीनला जमिनीचे भाडे भरत होते. हाँगकाँग बेट १८४२ च्या नानकिंग तहाने ब्रिटिशांना कायमचे मिळाले. मात्र लगतचा मोठा प्रदेश १८९८ मध्ये ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतला होता. त्या पट्ट्याची मुदत संपत आली, तेव्हा त्या प्रदेशावाचून बेटाचा निभाव लागणे कठीण होते. म्हणून १ जुलै १९९७ रोजी दोन्ही चीनकडे परतले. मकावही २० डिसेंबर १९९९ रोजी परतले. हाँगकाँगच्या कागदात मुदत लिहिलेली होती म्हणून त्याच्या परतीचा दिवस उगवला. वसईच्या तिसऱ्या करारात मुदतच नव्हती.

माझ्या नात्यातील एका सज्जन गृहस्थांनी मित्राच्या कर्जास जामीन राहताना कागद न वाचता सही केली. मित्राचा धंदा बुडाला आणि यांचे राहते घर गेले. मी स्वतः बँकेत असूनही त्यांनी मला विचारले नाही. मीही, भिडेपोटी, आपणहून विचारले नाही. हा सल आजही आहे.

आपल्या घरांत दिवाळीला वहीपूजन होते. कोऱ्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढताना या वर्षी एक करावे: घरातील चालू कर्जे, भागीदारी व जामीनकीचे कागद बाहेर काढून मुला-सुनांसमक्ष मोठ्याने वाचावेत. मुदत कोणती, तारण काय, सुटका कशी, हे सर्वांना ठाऊक असावे. आणि सुटीत नातवंडांना घेऊन वसईच्या किल्ल्यात जावे. २०३४ साली पहिल्या कराराला पाचशे वर्षे होतील. तोवर तेथील तटावर उभे राहून हे तिन्ही करार त्यांना समजावून सांगता आले, तर त्या गावाचे ऋण काही अंशी फिटेल.