भूकंप की सुरुंग?

आमचे गाव पाटण तालुक्यात आहे. जवळच्या दगडखाणीत सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी वाजतात आणि आजी अंगणात पळते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप तिने सोसला आहे.

मी गुरुजींना विचारले, भूकंपमापक यंत्रावर दोन्हींतला फरक कसा ओळखतात? ते म्हणाले, सुरुंग जमिनीला चारी बाजूंना बाहेर ढकलतो. म्हणून सगळ्या केंद्रांवर पहिली रेघ बहुधा वरच जाते. भूकंपात खडक एकमेकांना घासून सरकतात. मग कुठे रेघ वर, तर कुठे खाली! शिवाय मागून येणारी दुसरी लाट भूकंपात जोरदार असते, सुरुंगात दुबळी. एकाच केंद्राची नोंद पाहिली तर मात्र फसगत होऊ शकते.

आजीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “यंत्राला कळंल रं बाळा. मी आपली बाहेर उभी ऱ्हाते.”