गट स्वयंसेवी असला, तरी नियम लेखी हवेत

'डॉक्टर, महिनाभर झोप लागत नाही. डोकं सारखं जड असतं.' अणदूरचा एक तरुण ही तक्रार घेऊन बाह्यरुग्ण विभागात आला होता. रक्तदाब नीट होता, तपासण्याही नीट होत्या. थोडं बोलतं केल्यावर खरं कारण निघालं. (त्याच्या परवानगीने लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

तो आणि त्याचे चार मित्र दर रविवारी गावातल्या मुलामुलींना संगणकाची 'पायथॉन' भाषा शिकवतात. कुणी पैसे घेत नाही. गटातला सगळ्यात जाणकार सोबती मात्र मुलींची चूक झाली, की सगळ्यांसमोर म्हणायचा, 'तुला हे जमायचं नाही, तू आपली भाकरी थाप.' दोन मुली यायच्या बंद झाल्या. याने विषय काढला, तर बाकीचे म्हणाले, 'तो फुकट वेळ देतो, त्याला काय बोलणार?' गट फुटायची वेळ आली आणि याची झोप गेली.

मी त्याला झोपेची गोळी दिली नाही. आधी आपल्या गटाचे वागण्याचे नियम कागदावर लिही, असं सांगितलं.

हा सल्ला वैद्यकशास्त्राच्या बाहेरचा वाटेल, पण तसा तो नाही. इस्रायलमध्ये नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागांतील डॉक्टर आणि परिचारिकांच्या 24 पथकांवर एक प्रयोग झाला. तो 2015 साली प्रसिद्ध झाला. सरावासाठी आजारी बाळाचा एक प्रसंग उभा केला होता. काही पथकांना बाहेरच्या 'तज्ज्ञा'ने आधी कामाबद्दल हिणवलं, काहींशी तो साधेपणाने बोलला. हिणवलेल्या पथकांचं निदान कमी अचूक ठरलं आणि उपचारातल्या कृतीही ढासळल्या. त्यांनी एकमेकांना माहिती कमी सांगितली, मदत कमी मागितली. तरबेज माणसांची ही गत होत असेल, तर पहिल्यांदा कळफलकावर बोटं ठेवणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीचं काय होत असेल? चुकलं तर हसतील, या भीतीने ती प्रश्नच विचारत नाही. ज्याला प्रश्न विचारता येत नाही, त्याला शिकताही येत नाही.

संगणकाच्या जगाने हा धडा उशिरा घेतला. जगभरातले हजारो लोक मिळून 'लिनक्स' ही प्रणाली घडवतात. तिचे जनक लायनस टॉरवाल्ड्स चुका करणाऱ्यांना जाहीरपणे फार टोचून बोलत. सप्टेंबर 2018 मध्ये त्यांनी त्याबद्दल माफी मागितली, काही दिवस कामातून रजा घेतली आणि त्याच वेळी लिनक्सने लेखी आचारसंहिता स्वीकारली. साधारण महिन्याभरानंतर ते कामावर परतले. काम थांबलं नाही.

आपल्याकडे हे नवं नाही

'एवढ्याशा गटाला कशाला हवेत नियम? आपण काय परके आहोत का?' असं त्याचे मित्र म्हणाले. मी त्याला त्याच्याच गावच्या खंडोबाची आठवण करून दिली. देवाची मूर्ती एक, मंदिरं दोन. वर्षातले सुमारे सव्वादहा महिने मूर्ती अणदूरला असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. मूर्ती हलवताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. म्हणजे अविश्वास आहे असं नाही. श्रद्धा दोन्हीकडे तेवढीच आहे, म्हणूनच भांडणाला जागा राहू नये यासाठी कागद असतो.

कागदावर काय लिहायचं?

'सगळ्यांनी चांगलं वागावं' एवढ्याने भागत नाही. काय चालणार नाही ते नेमकं लिहावं: जात, लिंग, रंग, व्यंग, बोली यांवरून टोमणे; चुकीवर हसणं; नको असलेला स्पर्श; रात्री-अपरात्री खासगी संदेश. तक्रार कुणाकडे करायची, त्या दोघांची नावं लिहावीत. त्यांत एक बाई असावी. तक्रार त्यांच्यापैकीच एकाविरुद्ध असेल, तर दुसऱ्याकडे जावी. तक्रार करणाऱ्याचं नाव चारचौघांत फोडू नये. ज्याच्यावर आरोप आहे, त्याचंही ऐकून घ्यावं. पुढची पायरीही ठरलेली असावी: आधी समज, मग काही काळ लांब ठेवणं, शेवटी गटाबाहेर. आणि हे नियम भांडणाच्या दिवशी नाही, त्याआधी सगळ्यांनी मिळून वाचून मान्य करावेत. लस साथ येण्याआधी घ्यायची असते.

काही गोष्टी मात्र गटात मिटवायच्याच नाहीत. मुलांचा लैंगिक छळ झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठी 1098 हा मदत क्रमांक आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात विनावेतन, स्वेच्छेने काम करणारीही 'कर्मचारी' धरली आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. 'आम्ही तर फुकट काम करतो' ही सबब तिथे चालत नाही.

डॉक्टरांनाही आचारसंहिता असते. तरी निवासी डॉक्टर असताना एका वरिष्ठांच्या ओरडण्याच्या भीतीने मला दिसलेली औषधाच्या मात्रेची चूक मी लगेच बोललो नव्हतो. परिचारिकेने ती वेळेत सांगितली, म्हणून रुग्ण वाचला. नुसता कागद असून उपयोग नसतो. तो बोलून दाखवणारं माणूस लागतं. पण कागद असला, की त्या माणसाला बोलायला आधार मिळतो.

तीन आठवड्यांनी तो तरुण पुन्हा आला. एका पानाचे नियम तयार झाले होते, वर्गाच्या भिंतीवर लावले होते. तो जाणकार सोबती आधी रुसला, मग त्यानेही सही केली. झोप आता बरी आहे. दोन मुलींपैकी एक परत येऊ लागली आहे. दुसरी अजून आलेली नाही. तिच्या घरी कोण जाणार, हे त्यांनी पुढच्या रविवारी ठरवायचं आहे.